शनिवारी रात्री मेसमध्ये काय शिजतं?

आदरणीय बाई, स. न. वि. वि.

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजमध्ये शिकवते. जूनपासून मुलींच्या हॉस्टेलचं वॉर्डनपदही माझ्याकडे आलं आहे. मी डिचोलीची. माझं सगळं शिक्षण कदंबच्या बसने येऊन-जाऊन झालं, त्यामुळे हॉस्टेलवर राहणं म्हणजे काय याचा मला अनुभवच नाही. आमच्याकडे सव्वाशेच्या आसपास मुली आहेत. निम्म्याहून जास्त गोव्याच्याच, काणकोण, सांगे, सत्तरी, पेडणे अशा लांबच्या भागांतल्या. शुक्रवारी चार वाजले की त्या बॅगा उचलतात आणि थेट सोमवारी सकाळी वर्गात दिसतात. मागे उरतात त्या सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडच्या आणि थोड्या लांबच्या राज्यांतल्या. दोन्ही गटांचं एकमेकींशी फारसं बोलणं नाही. जुलैत फ्रेशर्स पार्टी दिली, डीजे आणला. त्या रात्री सगळ्या नाचल्या, दुसऱ्या दिवशी परत तेच.

पहिल्या वर्षाला गडहिंग्लजकडची एक मुलगी आहे. आधी दर आठवड्याला घरी जायची. आता गाडीभाडं परवडत नाही म्हणून वडिलांनी महिन्यातून एकदाच यायला सांगितलं आहे. वर्गातून आली की झोपते. मेसमध्ये क्वचित दिसते, खोलीत बिस्किटं खाऊन राहते. विचारलं की ‘मी बरी आहे मॅडम’ एवढंच. मजल्यावरच्या काही मुली तिला ‘घाटी’ म्हणतात. मस्करीत म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. तिच्या घरी कळवू का? त्यात मॅनेजमेंट म्हणतं की गेटची वेळ साडेसातवरून सातवर आणा, म्हणजे मुली ताब्यात राहतील. या सगळ्यात मुलींना हॉस्टेल आपलं वाटावं म्हणून मी नक्की काय करू?

— एक वॉर्डन

प्रिय वॉर्डनबाई,

पार्टीला डीजे आणला ते तुम्ही लिहिलंत, पण मेसबद्दल अख्ख्या पत्रात एकच ओळ आहे. म्हणून आधी मीच विचारते: शनिवारी रात्री तुमच्या मेसमध्ये काय असतं?

मी अंदाज करते. खिचडी, लोणचं, पापड. फार तर दुपारची उरलेली डाळ. मी बरीच वर्षं मुलींचं हॉस्टेल सांभाळलं आहे, आणि कंत्राटदार बदलले तरी शनिवारची खिचडी काही बदलली नाही. त्यात त्याचा तरी काय दोष? सोमवार ते गुरुवार त्याची सव्वाशे पानं उठतात आणि शनिवारी पन्नास. पन्नास जणींसाठी बांगडे आणून साफ करायला त्याला परवडत नाही. मग आचारी सुट्टी घेतो आणि मदतनीस पोरगा कुकर लावतो. हळूहळू बाकीचंही त्याच मार्गाने जातं. शनिवारी दुपारनंतर लायब्ररी बंद, कँटीन बंद. टीव्हीच्या खोलीची किल्ली ज्या मावशींकडे असते त्यांची रजा. कॉमन रूममधला कॅरम कपाटात. ज्या मुलीला जायला जवळ घर नाही, तिला दर शनिवारी हॉस्टेलकडून कळतं की हॉस्टेल खरं तर इतरांसाठी आहे आणि ती उरलेल्यांपैकी एक आहे. तुमचं हॉस्टेल आठवड्यातले पाच दिवस चालतं, वॉर्डनबाई. मुलींकडून फी मात्र सात दिवसांची घेतली जाते.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आगेमागे आहे: आठवड्यातलं सगळ्यांत चांगलं जेवण शनिवारी रात्री ठेवा.

हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. मॅनेजमेंटला तर वाटेलच, कारण यात फीत कापायला काही नाही. पण गोव्यातल्या हॉस्टेलची अडचण इतर ठिकाणांपेक्षा वेगळी आहे. दिल्लीला किंवा पुण्याला शिकायला गेलेली मुलं सगळीच घरापासून लांब असतात, सगळीच एका होडीत. आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. पेडण्याची मुलगी काय नि काणकोणची काय, फोंड्याहून दुपारी निघाली तर दिवेलागणीला घरात. रविवारी दुपारी आईच्या हातचं हुमण-शीत वाट पाहत असताना तिने हॉस्टेलवर का थांबावं? तिला दोष देऊ नका आणि शनिवारच्या रजेवर बंदीही घालू नका. काही वॉर्डन महिन्याला दोनच लीव्ह देतात. मुली मग आजारी आजी, लग्न, बारसं असं काय काय शोधून काढतात आणि तुम्हाला खोटे अर्ज वाचत बसावं लागतं. तिला महिन्यातून एखादा शनिवार आपणहून थांबावंसं वाटलं तर पुष्कळ झालं. आणि तिने नाही थांबायचं ठरवलं तरी जी थांबतेच तिची रात्र बरी जाईल.

आता कंत्राटदाराचं. त्याला ‘मुलींसाठी एवढं करा’ म्हणून विनवू नका, हिशोब दाखवा. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला रजिस्टर फिरवा: शनिवार-रविवार कोण आहे, कोण नाही. जी गुरुवारी सांगेल तिचा खाडा धरायचा, तेवढे पैसे वजा. जी सांगणार नाही तिचा खाडा नाही. त्याला दोन दिवस आधी पक्का आकडा मिळतो, मुलींना नेमाने कळवायची सवय लागते. बुधवारचं चिकन किंवा मासे उचलून शनिवारी न्यायचे. एकूण खर्च तोच राहतो, फक्त वार बदलतो. शिवराक, म्हणजे शाकाहारी, मुलींसाठी त्या दिवशी भाज्यांचं खतखतं नाहीतर चण्याची शाकुती हवी. ‘तुमच्यासाठी डाळ आहे की’ असं नको. श्रावण तोंडावर आहे, गोव्याच्या निम्म्या मुली महिनाभर नुस्त्याला, म्हणजे मासळीला, हात लावणार नाहीत, तेव्हा सुरुवात शाकाहारी जेवणानेच करा. कंत्राटदाराची कुरकुरही कमी होईल.

महिन्यातून एका शनिवारी स्वयंपाक मुलींना करू द्या. इथे सांभाळून. याचा ‘विविधतेत एकता खाद्य महोत्सव’ करू नका. बॅनर नको, प्राचार्य नकोत, पारंपरिक वेश तर मुळीच नको. आठ-दहा जणींना चार वाजता स्वयंपाकघरात बोलवा आणि लसूण सोलायला बसवा. पन्नास जणींच्या ठेच्याला किती लसूण लागतो माहीत आहे ना? तासभर निघतो. परातीभोवती फतकल मारून बसायचं, नजर पाकळ्यांकडे, बोटं चिकट झालेली, म्हणून फोन हातात घेता येत नाही. समोरासमोर खुर्चीत बसवून ‘चला, आपली ओळख करून घेऊ या’ म्हटलं की ज्या मुलीच्या तोंडातून शब्द फुटत नाही, ती अशा वेळी अर्ध्या तासाने आपणहून सांगते की आमच्याकडे ठेच्यात शेंगदाणे घालतात. मग काणकोणची कुणीतरी म्हणते, शी, शेंगदाणे कशाला, खोबरं घाल. वाद सुरू झाला की समजा जमलं.

मैत्रीला मुख्यतः वेळ लागतो, आणि तोही पुष्कळ. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी नव्या गावात आलेल्या लोकांचा आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवाभावाची व्हायला २०० हून जास्त तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, असा त्यांचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्गात शेजारी बसलेले तास यात फारसे कामाचे नाहीत. रिकामटेकडे, गप्पांचे तास मोजायचे. सोमवार ते शुक्रवार प्रॅक्टिकल, जर्नल आणि असाइनमेंटमधून असे तास मिळतात किती? ते असतात शनिवारी-रविवारी, आणि तेव्हा निम्मं हॉस्टेल बसमध्ये असतं. तुमच्या दोन गटांत भांडण झालं असेल असं मला वाटत नाही. त्यांची गाठच पडलेली नाही. तीन तासांच्या डीजेत कुणाचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा तो या हिशोबात धरताच येत नाही.

दुसरं, खोल्यांची वाटणी. हे आता, वर्षाच्या मध्ये, थोडंच बदलता येईल, पण पुढच्या जूनसाठी लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी गोव्याच्या मुली एका विंगमध्ये आणि बाहेरच्या दुसऱ्या विंगमध्ये टाकतात, कारण यादी तशी येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत बांधली होती. तिथे कुणाची कुणाशी मैत्री होते याचा अभ्यास फेस्टिंजर, शाख्टर आणि बॅक या तिघा मानसशास्त्रज्ञांनी केला आणि तो १९५० साली प्रसिद्ध झाला. अगदी लागून दार असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, एक दार सोडून पलीकडच्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांवर आलं आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के उरलं. स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं नंतर; आधी दार कुठे उघडतं ते. तेव्हा विंग मिसळा. पण एक काळजी घ्या. दोन जणींच्या खोलीत एक सत्तरीची आणि एक बेळगावची ठेवलीत, तर बेळगावची आठवड्यातल्या तीन रात्री एकटी झोपणार. तिघींच्या खोलीत शनिवारी थांबणाऱ्या निदान दोघी हव्यात. तुमची गडहिंग्लजची मुलगी कुणाबरोबर राहते ते आजच बघा. दोघी रूममेट दर शुक्रवारी निघून जात असतील, तर तिची खोली याच आठवड्यात बदला.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: जिन्याजवळ किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख झाली, कारण सगळे तिथून जायचे. तुमच्या हॉस्टेलमध्ये अशी जागा कुठली? टपाल आता कुणालाच येत नाही. माझं उत्तर आहे, कपडे वाळत घालायची जागा. हसू नका. गोव्यात पावसाळ्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि फोंड्याकडे जून ते सप्टेंबर एक टॉवेल वाळायला तीन दिवस लागतात. प्रत्येक खोलीत खिडकीच्या गजापासून पंख्याच्या हुकापर्यंत दोरी बांधलेली असते, तिच्यावर ओल्या जीन्स लोंबत असतात, खाली गादीला कुबट वास आणि भिंतीला बुरशी. मुली दारं लावून त्या ओलीत बसून राहतात. तळमजल्यावरची एखादी अडगळीची खोली मोकळी करा, चार दोऱ्या, दोन मोठे पंखे, एक इस्त्रीचं टेबल आणि एक बाक. इस्त्रीसाठी नंबर लावून बसलेल्या मुली जितकं बोलतात तितकं कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये बोलत नाहीत. खर्च डीजेपेक्षा कमीच होईल.

अभ्यासाबद्दल फार लिहीत नाही, त्यात तुम्ही जाणत्या आहात. रात्री नऊ ते अकरा मेसचा हॉल उघडा ठेवा, ट्यूबलाइट बदलून घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना तिथे बसायला सांगा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला वर्गात इंग्रजीत शंका विचारायची भीती वाटते, ती सीनियरला मराठीत, मोडक्या कोंकणीत किंवा हिंदीत विचारते.

आता त्या मुलीविषयी.

घराची ओढ सगळ्यांनाच लागते आणि बहुतेकींची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. हिची परिस्थिती जरा अवघड झाली, कारण पहिले सगळे शनिवार-रविवार ती घरी होती. इथे मैत्रिणी जुळायच्या दिवसांत ती प्रवासात होती, आणि येणं-जाणं बंद झालं तेव्हा बाकीच्यांचे घोळके ठरून गेले होते. एवढंच असेल तर ती सावरेल. पण जेवण सुटणं, दिवसा झोप, माणसांत न येणं हे सलग दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर ते नैराश्यही असू शकतं. ते तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. ते डॉक्टर ठरवतील. तुमचं काम तिला तिथपर्यंत नेण्याचं.

तिला ऑफिसमध्ये बोलावू नका. वॉर्डनच्या टेबलासमोर उभी असलेली मुलगी ‘मी बरी आहे’ याशिवाय दुसरं काय बोलणार? ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नाला तेवढंच उत्तर असतं. लायब्ररीकडे, मेडिकलमध्ये, कुठेही जाताना तिला बरोबर घ्या आणि छोटे, नेमके प्रश्न विचारा. काल रात्री काय जेवलीस? झोप किती वाजता लागली? घरी फोन कोण उचलतं? गप्प राहिली तर राहू द्या, चालत राहा. दोन-तीन वेळा असं झालं की ती बोलेल.

आणि बोलण्यातून निराशा फार खोल वाटली, ‘मी नसते तर बरं’, ‘सगळ्यांना माझा त्रास’ असं काही आलं, आवडती वस्तू कुणाला देऊन टाकल्याचं कळलं, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याने बहुतेकांना मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्या रात्री तिला एकटी ठेवायचं नाही आणि उशीर करायचा नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरात मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, आयपीएचबी म्हणून सगळे ओळखतात. तिथे स्वतः घेऊन जा. आपल्याकडे अजून ‘बांबोळीला नेलं’ म्हटलं की लोक कुजबुजतात. कुजबुजू द्या. रात्री-अपरात्री केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट आणि चोवीस तास. मराठीतही बोलता येतं, आणि या मुलीच्या बाबतीत ते महत्त्वाचं. हा नंबर प्रत्येक मजल्यावर लावा, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूलाही, कारण कुणी बघत नसताना तो टिपून घेता आला पाहिजे.

असं टोकाचं काही नसेल तर तिला काम द्या. हे मी उगाच म्हणत नाही. परवरीच्या ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी एक पद्धत तपासून पाहिली. मानसोपचाराची पदवी नसलेले पण व्यवस्थित प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक रुग्णाला सहा-आठ वेळा भेटत आणि जगण्यातून सुटलेल्या छोट्या-छोट्या कृती, म्हणजे बाहेर पडणं, कुणाला भेटणं, आवडीचं काम करणं, टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करायला मदत करत. नेहमीच्या उपचारांना याची जोड मिळालेले रुग्ण अधिक सुधारले, हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तुम्ही समुपदेशक नाही, तेव्हा उपचार करायला जाऊ नका; पण दिशा घ्यायला हरकत नाही. ‘मन लागेल तेव्हा ये’ असं म्हणून मन लागत नाही. गुरुवारचं ते रजिस्टर तिच्या हातात द्या. साडेआठला मेसमध्ये यायचं, टेबला-टेबलावर जाऊन नाव विचारायचं, आकडा कंत्राटदाराला सांगायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण सव्वाशे मुलींची नावं तिला कळतील आणि सव्वाशे जणींना तिचं. बरोबर आणखी एक मुलगी असू दे, शक्यतो गोव्याची. ‘तुझं मन रमावं म्हणून’ वगैरे चुकूनही म्हणू नका. कामाला माणूस हवं आहे, एवढंच सांगा.

घरी कळवायचं का? आधी तिला विचारा. अठरा पूर्ण झालेली मुलगी आहे, तिच्या पाठीमागे बापाला फोन गेला तर ती पुन्हा तुम्हाला काही सांगणार नाही. ‘तू समोर असताना मी बोलू का?’ असं विचारा. बहुतेक मुली हो म्हणतात. त्यांना स्वतःला सांगायचं धाडस नसतं. फोनवर ‘मुलगी खचली आहे’ अशी सुरुवात नको, नाहीतर वडील दुसऱ्या दिवशी आंबोली उतरून तिला न्यायला हजर होतील आणि वर्ष वाया जाईल. ती जेवत नाही, झोपते फार, आम्ही लक्ष ठेवून आहोत, तुम्ही एकदा येऊन दिवसभर तिच्याबरोबर इथेच राहा, असं सांगा. त्यांनी इथे यावं, तिला तिकडे नेऊ नये. लेक कुठे राहते, कुठल्या खिडकीतून बघते हे आईवडिलांनी पाहिलं की फोनवरचं बोलणंही सुधारतं. जिवाला धोका असेल तर मात्र परवानगीची वाट बघायची नाही, कळवायचं. आणि कळवणार आहे हे तिला आधी सांगायचं.

‘घाटी’ची गोष्ट मस्करी म्हणून सोडू नका. यूजीसीची रॅगिंगविरोधी नियमावली २००९ ची आहे. २०१६ मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली आणि प्रादेशिक मूळ, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ, अगदी वेगळं पाडणंसुद्धा, रॅगिंगच्या व्याख्येत आला. म्हणजे सगळा मजला जिला एका नावाने हिणवतो आणि पंगतीत घेत नाही, तिचा मामला सरळ यात बसतो. तरी पहिल्याच दिवशी समितीकडे धावू नका. त्या तीन-चार जणींना एकेकटीला बोलवा, नियम वाचून दाखवा, हे पुन्हा ऐकू आलं तर लेखी जाईल असं शांतपणे सांगा आणि तारीख घालून डायरीत नोंद करा. सर्वांसमोर माफी मागायला लावू नका. त्याने हिचीच जास्त पंचाईत होईल. यातलीच एखादी उद्या पुण्याला एमबीएला गेली की ‘गोव्याची म्हणजे रोज पार्टी का गं?’ हे तिलाही रोज ऐकावं लागणार आहे. तेही सांगून बघा, एखादीला पटतं. आणि पुन्हा घडलं तर मग मात्र कच खाऊ नका. तक्रारीचा राष्ट्रीय नंबर १८००-१८०-५५२२ आहे, तो मुलींना माहीत आहे ना ते बघा.

गेटच्या वेळेबाबत थोडक्यात. मॅनेजमेंटला विचारा, मुलांच्या हॉस्टेलची वेळ काय आहे? यूजीसीच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या नियमावलीत, जी २०१६ मध्ये राजपत्रात आली, स्पष्ट म्हटलंय की सुरक्षेचं कारण पुढे करून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. हे पान छापून फाइलला लावा आणि मीटिंगमध्ये पुढे सरकवा, आवाज चढवायची गरज पडणार नाही. मुली ‘ताब्यात’ ठेवायच्या असतील तर तुरुंग बरा. सात वाजता कुलूप लावलं तर शनिवारी थांबून त्या करणार काय? फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात मराठी नाटक असलं तर दहा जणींना लेट पास द्या, परतीची गाडी ठरवून द्या, एक शिक्षिका बरोबर पाठवा. नियम सैल करणं आणि जबाबदारी झटकणं यात फरक आहे हे मॅनेजमेंटला अशा वेळी दाखवता येतं.

तुमच्याबद्दलही दोन शब्द. वॉर्डन केव्हाही फोनवर सापडली पाहिजे असं रॅगिंगच्या नियमावलीतच आहे, तेव्हा फोन बंद ठेवता येणार नाही. पण सव्वाशे मुलींची आई व्हायला जाऊ नका. आई त्यांना आहे, आणि ती तुमच्यापेक्षा बरा स्वयंपाक करते. प्रत्येक मजल्यावर दोन सीनियर निवडा आणि त्यांना एवढंच सांगा: कोणी दोन दिवस जेवायला आली नाही, रडताना दिसली, आजारी पडली, तर रात्री बारालाही मला उठवायचं, बाकी कोण कुणाशी बोलते, कुठे जाते, ते मला सांगायचं नाही. चहाड्या आणायची सवय लागली की सीनियरांवरचा विश्वास गेलाच. रात्रीच्या हजेरीला नंबर पुकारू नका, नाव घ्या. सव्वाशे नावं पाठ करायला महिना लागेल, आणि पहिला महिना चुकाल. मुली हसतील, दुरुस्त करतील.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आता पाचसहा आठवड्यांवर आहे, तिची तयारी मात्र आजपासून करा. त्या सुट्टीत गोव्याची मुलगी हॉस्टेलवर राहूच शकत नाही. मेसचा आचारी, मावशी, वॉचमन, सगळे आपापल्या गावी. बरीच हॉस्टेलं सरळ कुलूप लावतात आणि बाहेरच्या मुलींना ‘तुमची सोय बघा’ म्हणतात. सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या मुलींच्या घरीही गणपती असतो, त्या जातील. प्रश्न आहे लांबच्या राज्यांतल्या मुलींचा. दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाला तिकीट मिळत नाही आणि मिळालं तरी परवडत नाही. त्यांच्यासाठी कंत्राटदाराकडून एक माणूस आधीच ठरवून घ्या, नाहीतर बाहेरून डबा. आणि वर म्हटलेले शनिवार नीट गेले असतील, तर लसूण सोलणाऱ्यांतली कुणीतरी आपणहून म्हणेल, ‘मॅडम, हिला आमच्याकडे घेऊन जाऊ? गणपतीवर फळांची माटोळी बांधायला माणसं कमीच आहेत.’ तुम्ही स्वतः कुणाला तसं सुचवू नका; गळ्यात पडलेला पाहुणा दोन्हीकडे जड होतो. मात्र आपणहून विचारलं तर लगेच हो म्हणा. मुलीच्या घरी फोन करून त्यांची संमती घ्या, यजमानांशी एकदा स्वतः बोला, आणि आउट-पासवर घराचा पत्ता, तिथला एक फोन नंबर आणि परतीची तारीख लिहून घ्या.